खाडीतले खुंट

श्रावणी पौर्णिमेला रेवदंडा, थेरोंडा, कोर्लई या गावांचे कोळीवाडे दर्याला नारळ वाहतात. जून आणि जुलै या दोन महिन्यांची मासेमारीबंदी संपलेली असते. किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होड्या रंगरंगोटी होऊन पुन्हा पाण्यात उतरतात आणि कुंडलिकेच्या मुखातून बाहेर पडू लागतात. सुकाणूवर तांडेल असतो. पहिल्याच हंगामाला आलेल्या पोराच्या वाट्याला जाळी ओढणे, मासळी निवडणे, बर्फ भरणे ही कामे येतात. सुकाणू हातात यायला बरेच पावसाळे जावे लागतात.

ज्या आठवड्यांत तिकडे होड्या सुटतात, त्याच आठवड्यांत इकडे अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम उघडतो. इथे मात्र अठरा वर्षांच्या, वसतिगृहातल्या खोलीत सामान लावून जेमतेम काही आठवडे झालेल्या मुलाकडे कधीकधी थेट सुकाणूच येते. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा तांडेल. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो आणि चुकला तर ऐंशी हजार लोकांसमोर चुकतो. 1972 पूर्वी पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेजच्या मुख्य फुटबॉल संघातून खेळण्याची मुभाच नव्हती. आजही अनेक प्रशिक्षक अशा मुलाला ‘रेडशर्ट’ करून वर्षभर सरावापुरते ठेवतात. 2018 पासून त्याला चार सामने खेळवले तरी त्याचे पात्रतेचे वर्ष खर्ची पडत नाही. ही मुभा शहाणपणाची आहे. पाण्यात उतरवा, पण लगेच खोल समुद्रात लोटू नका, एवढाच तिचा अर्थ.

तरीही लोटावे लागते. कोणी जखमी होतो, कोणाचा सूर हरवतो, जागा रिकामी होते आणि मागे उभा असलेला सर्वांत लहान मुलगा पुढे येतो.

3 सप्टेंबर 2016 रोजी टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला अलाबामा विद्यापीठाचा जेलन हर्ट्स असाच मैदानात आला. पहिल्याच डावात चेंडू त्याच्या हातून निसटला. प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बाहेर काढले नाही. अलाबामाने तो सामना 52-6 असा जिंकला आणि पुढच्या आठवड्यात हर्ट्स सुरुवातीपासून खेळला. पहिल्या वर्षाच्या मुलाने अलाबामाचा क्वार्टरबॅक म्हणून सामन्याची सुरुवात करावी, हे 32 वर्षांत घडले नव्हते. पण त्याची खरी गोष्ट पुढेच आहे. 8 जानेवारी 2018 रोजी अटलांटात झालेल्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात मध्यंतराला अलाबामा 0-13 ने मागे होता. सेबन यांनी हर्ट्सला बसवले आणि पहिल्या वर्षाच्या टुआ टागोवाइलोआला उतरवले. जादा वेळेत टुआच्या 41 यार्डांच्या फेकीवर अलाबामाने 26-23 अशी बाजी मारली. ज्या मुलाने आदल्या हंगामात कोणाची तरी जागा घेतली होती, त्याची जागा आता दुसऱ्या नवख्याने घेतली. हर्ट्स लगेच संघ सोडून गेला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, त्याच अटलांटाच्या स्टेडियममध्ये, टुआ जखमी झाल्यावर तो बाकावरून उठला आणि मागे पडलेला सामना त्याने 35-28 असा फिरवला. फेब्रुवारी 2025 मध्ये तो सुपर बोल जिंकणाऱ्या फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक होता आणि सामन्याचा मानकरीही.

आपल्याकडे याच तोडीची गोष्ट त्याच वर्षी घडली, फक्त खेळ वेगळा. एप्रिल 2025 मध्ये चेन्नई सुपर किंग्जचा कर्णधार ऋतुराज गायकवाड कोपराच्या दुखापतीने आयपीएलबाहेर गेला. त्याच्या जागी सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेला बोलावले गेले. उरणपासून रेवदंड्यापर्यंत कुठल्याही गावात म्हात्रे आडनावाचे दार सापडेल, हा आयुष मात्र विरारकडचा. सरावासाठी लोकलने मुंबई गाठायची आणि सोबतीला आजोबा, हे त्याचे बालपण. मुंबईकडून 2024-25 च्या रणजी हंगामात त्याने महाराष्ट्राविरुद्ध 176 धावा केल्या होत्या. विजय हजारे स्पर्धेत नागालँडविरुद्धच्या 181 धावांनी एकदिवसीय क्रिकेटमध्ये दीडशे गाठणारा तो जगातला सर्वांत लहान फलंदाज ठरला होता. 20 एप्रिलला वानखेडेवर तो उतरला आणि 15 चेंडूंत 32 धावा करून गेला. 3 मे रोजी बंगळुरूत 214 धावांचा पाठलाग करताना त्याने 48 चेंडूंत 94 धावा काढल्या. चेन्नई दोन धावांनी हरली.

हे दोन्ही सामने चेन्नईने गमावले, ही नोंद महत्त्वाची आहे. जिंकलेल्या संघात नवखा सुखाने लपतो. हरणाऱ्या संघात त्याला कोण सांभाळते ते दिसते. गायकवाड गेल्यावर कर्णधारपद पुन्हा महेंद्रसिंह धोनीकडे आले होते. सतरा वर्षांचा सलामीवीर आणि त्रेचाळीस वर्षांचा कर्णधार एकाच संघात होते. त्यानंतर काही आठवड्यांतच आयुष एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार म्हणून इंग्लंडला गेला.

याच विरारच्या पृथ्वी शॉने 4 ऑक्टोबर 2018 रोजी राजकोटला पहिल्याच कसोटीत 134 धावा केल्या, तेव्हा तो एकोणीस वर्षांचाही नव्हता. त्याची कसोटी कारकीर्द पाच सामन्यांवर थांबली आहे. मधल्या काळात खोकल्याच्या औषधातून पोटात गेलेल्या बंदी असलेल्या द्रव्यामुळे आठ महिन्यांची बंदी आली, ॲडिलेडला दोन्ही डावांत त्रिफळा उडाला. अठराव्या वर्षी डोक्यावर घेणारे आणि एकविसाव्या वर्षी विसरून जाणारे लोक बहुधा तेच असतात. यात दोष एकट्या मुलाच्या पदरात टाकणे अन्यायाचे आहे.

इथे पुन्हा कुंडलिकेच्या मुखाशी जावे लागते. मार्च 1508 मध्ये, रेवदंड्याचा कोट उभा राहण्याच्या कितीतरी आधी, चौलच्या या खाडीत पोर्तुगीज आरमार नांगरून होते. सेनापती होता लोरेन्सो द अल्मेडा, पोर्तुगीजांच्या पहिल्या व्हाइसरॉयचा तरुण मुलगा. इजिप्तचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाझ यांची जहाजे चालून आली. माघार घेताना लोरेन्सोचे फुटलेले जहाज मच्छीमारांनी पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकले. ते तिथून निघाले नाही. लोरेन्सो तिथेच मारला गेला. तो भित्रा नव्हता, अडाणीही नव्हता. त्याला त्या खाडीतले खुंट ठाऊक नसावेत, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांच्यापैकी कोणी त्याच्या सुकाणूपाशी नसावे.

नवख्याला मोठी जागा द्यावी की नाही, हा वाद म्हणूनच अपुरा वाटतो. जागा द्यावीच. प्रश्न इतकाच की खुंट माहीत असलेला माणूस त्याच्या शेजारी उभा आहे का, आणि पहिला चेंडू निसटल्यावरही तो उभा राहतो का. आर्लिंग्टनला सेबन उभे राहिले. विरारच्या लोकलमध्ये आजोबा उभे राहिले. इथल्या आपल्या मराठी मंडळातही गणेशोत्सवाचे सूत्रसंचालन, नाटकाचे दिग्दर्शन, ढोलपथकाची शिस्त यांसाठी मुले पुढे येतात. पहिल्या अडखळलेल्या वाक्याला त्यांच्या हातातून माइक काढून घेणारे काका-मावशी आपल्यातच आहेत. मराठीचा एखादा उच्चार चुकला म्हणून ज्याच्याकडून माइक घेतला गेला, तो मुलगा पुढच्या वर्षी मंडळात येत नाही. हे नुकसान त्याचे कमी आणि आपले अधिक आहे.

तेव्हा यंदा एक करावे. ज्या मुलांना मंडळाने काम दिले आहे, त्यांच्याकडे ते संध्याकाळभर राहू द्यावे आणि एका जाणत्याने मागच्या खुर्चीत शांत बसून राहावे, विचारले तरच सांगावे. ज्यांच्या घरचे मूल या महिन्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले आहे, मग ते मैदानात उतरो, प्रयोगशाळेत की रंगमंचावर, त्यांना आणखी एक विनंती. पहिल्याच दिवशी त्याच्या हातून काही निसटले, तर त्या रात्री फोन करा आणि जेवलास का, एवढेच विचारा.