पिवळी, केशरी की जांभळी?

माझ्या मावसभावाकडे गॉगलची फ्रेम एकच आहे, पण काचा पाच. पिवळी, केशरी, जांभळी, करडी आणि एक पाण्यासारखी पारदर्शक. प्रत्येकीला मऊ कापडाची वेगळी पिशवी. मावशीला वाटतं, पोरगा दिल्लीला जाऊन हिरो झाला. वहिनीचं मत जरा वेगळं आहे. 'माझ्या लग्नातल्या शालूचा रंग ठरवायला याला पाच मिनिटं पुरली होती,' असं ती म्हणते. आणि म्हणताना अजिबात हसत नाही.

दादा गुडगावला बँकेत आहे. सोमवार ते शुक्रवार टाय, एक्सेल शीट आणि टार्गेट. शनिवार-रविवारीही टार्गेटच, फक्त नारंगी रंगाचं आणि हवेत उडणारं. तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंजवर तो ट्रॅप शूटिंग करतो. मागच्या डिसेंबरात मी दिल्लीला गेले तेव्हा रविवारी सकाळी सहाला मला उठवून तो तिकडे घेऊन गेला. थंडी अशी, की चहाचा कप हातातून सोडवेना. आणि आकाश? आकाश नव्हतंच. होता तो नुसता करडा पडदा. दिल्लीचं धुकं आणि दिल्लीचा धूर, हाफ-हाफ.

ट्रॅप म्हणजे काय ते आधी थोडक्यात. नेमबाज उभा असतो तिथून १५ मीटरवर जमिनीत खंदक असतो. त्यात तबकड्या फेकणारी यंत्रं दडवलेली. नेमबाज ओरडतो, त्या आवाजासरशी एक तबकडी सुटते आणि हायवेवरच्या गाडीच्या वेगाने लांब पळत जाते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर, म्हणजे घरातली चहाची बशीसुद्धा हिच्यापेक्षा मोठी. ती दिसायची, तिची दिशा ओळखायची, बंदूक फिरवायची आणि चाप ओढायचा. हा सगळा कारभार साधारण एका सेकंदाच्या आत! दुसरी गोळी मिळते, पण तोवर बशीची टिकली झालेली असते. मोठ्या स्पर्धेत अशा २५-२५ तबकड्यांच्या पाच फेऱ्या असतात, दोन दिवसांत.

आता विचार करा. सकाळी साडेआठला धुकं, अकराला लख्ख ऊन, एकला मळभ, चारला उतरती तिरपी किरणं. खेळाडू तोच, बंदूक तीच, तबकडी तीच. बदलतो तो फक्त उजेड. आणि मेडल एका तबकडीने जातं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कीट मिश्र सांघिकमध्ये अनंतजीत सिंग नरुका आणि महेश्वरी चौहान ब्राँझसाठी खेळत होते. चीनचे ४४, आपले ४३. एवढंच.

दादाची गोष्ट अर्थातच ऑलिंपिकची नाही. त्याला फक्त पुढच्या स्पर्धेचा पात्रता स्कोअर गाठायचा होता. तेव्हा तो या खेळात नवा होता आणि त्याच्याकडे एकच गॉगल होता: गडद काळा, आरशासारखा चमकणारा, मॉलमधून घेतलेला. 'मस्त दिसायचो यार मी,' हे तो आजही सांगतो. पहिल्या दोन फेऱ्या झकास गेल्या. तिसऱ्या फेरीला ढग आले आणि तबकडी 'उशिरा' सुटायला लागली. म्हणजे त्याला तसं वाटायला लागलं. प्रत्यक्षात ती वेळेवरच सुटत होती, याला ती उशिरा दिसत होती. त्याने काडतुसांना शिव्या दिल्या, बंदुकीला दिल्या, आदल्या रात्रीच्या छोल्यांना दिल्या. पात्रता दोन तबकड्यांनी हुकली. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या एका बुजुर्ग नेमबाजांनी त्याच्या डोळ्यांवरचा गॉगल काढून स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहिला आणि विचारलं, 'बेटा, फिल्म देखने आए हो क्या?'

तर मंडळी, पहिला फंडा हा, की नेमबाजीचा गॉगल उन्हापासून लपायला नसतो, दिसायला असतो. काच जितकी गडद तितका डोळ्यात कमी उजेड, आणि उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते. कॅमेरा वापरणाऱ्यांना हे पटकन कळेल: ॲपर्चर उघडलं की फोकसची खोली कमी होते आणि भिंगाचे दोष जास्त जाणवतात. डोळ्याचंही तसंच. म्हणून या खेळातले जाणते लोक सांगतात, की डोळे बारीक करावे लागणार नाहीत इतपतच काच गडद हवी, त्याहून एक पायरीही जास्त नको. कपाळाला आठ्या पडत नसतील तर अजून फिकट घालून बघा.

हे मोजायचं कसं? काचेतून किती उजेड आत येतो, याची टक्केवारी असते आणि चांगल्या कंपन्या ती छापतात. गॉगलच्या दांडीच्या आतल्या बाजूला बघा. ० ते ४ मधला एखादा आकडा असेल. ० म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त उजेड आत. १ म्हणजे ४३ ते ८०, २ म्हणजे १८ ते ४३, ३ म्हणजे ८ ते १८. आणि ४ म्हणजे जेमतेम ३ ते ८ टक्के, ती काच बर्फाच्या डोंगरावर घालायची. तुमचा-माझा बीचवरचा गॉगल साधारण ३ नंबरचा असतो. दादाचा तो मॉलवाला, नंतर कळलं, तोही ३. ढगाळ दिवसासाठी थेट रातांधळेपणाची सोय!

पण गडद-फिकट हा अर्धाच मामला झाला. खरी गंमत रंगात आहे. आणि इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते वर सूर्याकडे बघून काच निवडतात. बघायचं असतं समोर. तबकडी कुठल्या रंगाची आहे आणि तिच्या मागे काय आहे?

ट्रॅपच्या तबकड्या बऱ्याचदा भडक नारंगी असतात. मागे निळं आकाश असेल तर केशरी किंवा तपकिरी काच घ्या. ती निळा रंग गाळते, त्यामुळे आकाश काळपट होतं आणि नारंगी रंग पेटतो. मागे हिरवी झाडी असेल तर जांभळट काच. तिचं काम हिरवा दाबायचं. झाडं मागे सरकल्यासारखी मंद होतात आणि तबकडी सुटी दिसते. दादाने मला रेंजच्या कडेच्या झुडपांकडे बघायला लावून ही जांभळी काच डोळ्यांपुढे धरली. जादू नाही, पण नाटकात मागचे दिवे मंद करून एकट्या नटावर स्पॉट टाकतात ना, तसं काहीतरी झालं. भर दुपारी सगळंच झगझगत असेल आणि रंग जसेच्या तसे दिसायला हवे असतील तर करडी.

आणि पिवळी? पिवळी ही धुक्याची, मळभाची, सकाळची. डोळ्याचं भिंग निळ्याला इतर रंगांसारखं नीट फोकस करत नाही. पिवळी काच तो निळाच कापते, त्यामुळे कडा रेखीव वाटतात. गंमत म्हणजे पिवळी काच लावल्यावर जग उजळल्यासारखं वाटतं, पण डोळ्यात जाणारा उजेड वाढलेला नसतो, थोडा कमीच झालेला असतो! म्हणून अगदी झावळं पडलं, की पिवळीचाही मोह सोडायचा आणि सरळ पारदर्शक काच लावायची. त्या सकाळी दादाने पिवळीने सुरुवात केली, दहाच्या सुमाराला धूसर ऊन पडलं तसा केशरीवर आला. जांभळी आणि करडी पिशवीतच राहिल्या. करडी तर वर्षभरात दोन-चारदाच बाहेर येते, असं तो म्हणाला. म्हणजे सुरुवात करायची तर पाच काचा लागत नाहीत बरं का! एक फिकट पिवळी, एक मध्यम केशरी आणि एक पारदर्शक. वहिनींनो, हे कापून फ्रीजवर लावा.

काच बदलायची ती दोन फेऱ्यांच्या मध्ये, आणि नवी लावल्यावर डोळ्याला काही मिनिटं द्यायची. फेरीच्या मध्येच बदलली तर पुढच्या दोन-तीन तबकड्या डोळा सेटल होण्यात गेल्याच म्हणून समजा.

'मग उन्हात आपोआप गडद होणारी काच घ्या ना, किस्सा खतम!' मीही हेच म्हटलं. त्यावर दादाने मान हलवली. ती गडद होते पटकन, पण ढग आल्यावर परत फिकी व्हायला वेळ लावते. शिवाय गरमीत ती पुरेशी गडद होत नाही, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पोलराइज्ड काचेचंही तसंच. पाण्यावरची, रस्त्यावरची चमक ती मस्त कापते, म्हणून मासेमारीला आणि ड्रायव्हिंगला बेस्ट. पण तबकडीच्या कडेवरची उन्हाची चमकही ती कधी कधी खाऊन टाकते आणि काहींना नेमकी तीच हवी असते. पिस्तूल-रायफलवाल्यांची अडचण वेगळी. त्यांच्या समोर स्कोअर दाखवणारा स्क्रीन असतो आणि पोलराइज्ड काचेतून, मान जरा वाकडी केली की, असा स्क्रीन काळा पडू शकतो.

त्यांचं जग तसंही निराळं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं त्या ५० मीटर रायफलमध्ये उजेडाचा हिशेब बराचसा रायफलच्या मागच्या साइटमध्येच होतो. बारीक-मोठं होणारं छिद्र आणि त्यावर रंगीत फिल्टर. दुसरा डोळा मिटायचा नाही, त्याच्यापुढे अर्धपारदर्शक पट्टी लावायची. काळीकुट्ट लावली तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तिच्याबरोबर नेम धरणाऱ्या डोळ्याचीही. दोघी जुळ्या बहिणी, एकीला अंधार वाटला की दुसरीही रुसते.

परत ट्रॅपकडे येऊ. एक गोष्ट मला कधीच सुचली नसती. आपल्या गोलार्धात या रेंजचं तोंड शक्यतो उत्तरेकडे, ईशान्येकडे ठेवतात. म्हणजे दिवसाचा बराच वेळ सूर्य नेमबाजाच्या पाठीशी. छान! पण मग ऊन मागून येतं आणि काचेच्या आतल्या बाजूवर पडतं. स्वतःच्याच गालाचं आणि पापणीचं प्रतिबिंब तबकडीच्या मध्ये येतं. म्हणून आतल्या बाजूला परावर्तन रोखणारं कोटिंग आहे का, हे विचारून घ्यायचं. फ्रेमही चेहऱ्याला लगटून बसणारी आणि वर उचललेली हवी, कारण गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकला की आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो. साध्या चष्म्यात तिथे नेमकी फ्रेमची दांडी आडवी येते. माझ्यासारखे नंबरवाले असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं. नंबरचं केंद्र तुमच्या बाहुलीसमोर यायला हवं, तेही बंदूक खांद्याला लावलेली असताना. तेव्हा चष्मेवाल्यासमोर काउंटरवर ताठ बसून माप देऊ नका. वाकून, मान घालून दाखवा. लोक बघतील. बघू देत.

आणि आता ती पाचवी, पारदर्शक काच. ती जुनी आहे, आणि दादा ती वापरत नाही. डाव्या बाजूला, भुवईच्या जरा खाली, तिच्यावर एक खोल ओरखडा आहे.

दोन वर्षांपूर्वी तो मित्रांबरोबर स्कीट खेळून बघत होता. स्कीटमध्ये काही तबकड्या जवळून, जवळजवळ डोक्यावरूनच जातात. त्याने एक फोडली आणि तिची ठिकरी वेगात थेट तोंडावर आली. त्याला आधी आवाज ऐकू आला, मग कळलं की आपण मागे सरकलोय. काच पॉलिकार्बोनेटची होती. ओरखडा पडला, फुटली नाही. मॉलवाला तो आरशासारखा गॉगल साध्या काचेचा होता, हे त्याला नंतर घरी आल्यावर आठवलं. तेव्हा तो उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही, असं वहिनीने मला सांगितलं. शालूचं बोलताना न हसणारी वहिनी हे सांगतानाही हसली नाही. पाच काचांचं बिल मात्र तिने त्यानंतर कधी काढलं नाही.

म्हणून दुकानात रंगाचं बोलण्याआधी काच कशाची आहे ते विचारा. पॉलिकार्बोनेट आणि आघात सोसण्याचा शिक्का. अमेरिकन मानकाचा 'झेड ८७+' असा शिक्का फ्रेमवर किंवा काचेवर कोरलेला असतो. अतिनील किरणांचीही काळजी हवी, पण पॉलिकार्बोनेट पारदर्शक असलं तरी ती बहुतेक सगळी अडवतं. उलट, गडद पण अतिनील किरणं न अडवणारी स्वस्त काच वाईट. बाहुली मोठी होते आणि किरणांना दार उघडं मिळतं.

दुपारी परत निघालो. दादा गाडीत बसला, केशरी काच डोळ्यांवर तशीच. मी म्हटलं, 'अरे, सिग्नल कसा दिसतोय तुला?' त्याने दोन सेकंद विचार केला, गॉगल काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि साधा चष्मा शोधायला लागला. तो मागच्या सीटवर, पाच पिशव्यांच्या खाली सापडला.