क्रँक बसवायचाय, पण पाना कुठला?

सायकल चालवताना डाव्या पायाखाली टक्-टक् आवाज येतोय? सायकल भिंतीला टेकवा, डाव्या पायडलचा दांडा हातात धरा आणि आत-बाहेर हलवून बघा. हलला तर बहुधा क्रँक सैल झालाय. पायडलला मधल्या एक्सलशी जोडणारा दांडा म्हणजे क्रँक. उजवीकडच्या क्रँकला चेनचं दातेरी चक्रही असतं. ही जोडी म्हणजे क्रँकसेट.

सैल क्रँकवर तसंच फिरत राहिलात, तर त्याचं चौकोनी भोक आतून झिजायला लागतं. एकदा झिजलं की कितीही आवळा, तो पुन्हा सुटणारच. मग नवाच घ्यावा लागतो.

नवा बसवणं घरी जमतं. घोडं अडतं ते हत्यारांपाशी. मोबाइलवर शोधलंत तर चाळीस हत्यारांची चकचकीत पेटी समोर येते. थांबा! आधी सायकलजवळ खाली बसा, टॉर्च लावा आणि क्रँक एक्सलला कसा जोडलाय ते बघा.

आजोबांच्या काळ्या सायकलीसारखी सायकल असेल, तर क्रँकमधून आडवी गेलेली एक पिन दिसेल. ती कॉटर पिन. तिला पाना आणि हातोडी पुरते. पिन काढताना नट टोकाशी येईपर्यंतच सैल करा, म्हणजे हातोडीने आटे चेपत नाहीत. क्रँकखाली लाकडी ठोकळा द्या, नाहीतर सगळा मार बेअरिंगला बसतो. लहान मुलांच्या काही सायकलींना दोन्ही दांडे मिळून एकच वाकवलेली सळई असते, तिथे पुलरची भानगडच नाही.

आजकालच्या बहुतेक साध्या गिअरच्या सायकलींत मात्र क्रँकच्या मधोमध खड्डा असतो, बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या टोपीने झाकलेला. टोपी काढली की आत बोल्ट. साधा चपटा पाना तिथे पोहोचतच नाही. षटकोनी डोकं असेल तर साधारण १४ मिमीचा सॉकेट आणि लांब दांडा लागतो, खाच असेल तर ८ मिमीची अ‍ॅलन की. बोल्ट निघाला तरी क्रँक जागचा हलत नाही, कारण एक्सलचं चौकोनी टोक निमुळतं असतं आणि क्रँक त्यावर घट्ट रुतलेला असतो. त्यासाठी क्रँक पुलर हवा. सायकलच्या दुकानात किंवा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो.

इथेच माझ्या हातून घोळ झाला होता. पुलर दोनच फेरे आत गेला होता आणि मी जोर लावला. क्रँक मऊ अ‍ॅल्युमिनियमचा, पुलर पोलादाचा. व्हायचं तेच झालं, आटेच बाहेर आले. शेवटी शेजारच्या गॅरेजवाल्या काकांनी बेअरिंग काढायचा दोन पायांचा पुलर लावून तो क्रँक उपटला, आणि वर हसलेही. म्हणून सांगते, बोल्टबरोबर आतला वॉशर निघालाय ना ते बघा, पुलर आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, मगच मधला स्क्रू पिळा.

बसवताना पुलर लागत नाही. एक्सलचं टोक फडक्याने स्वच्छ पुसा, दोन्ही क्रँक बरोबर विरुद्ध दिशेला ठेवा आणि बोल्टनेच आत ओढा. चौकोनी टोकाला ग्रीस लावावं की नाही यावर मेकॅनिक लोकांचं एकमत नाही. मी फक्त बोल्टच्या आट्यांना लावते. किती आवळायचं? साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटर. म्हणजे २५ सेंटीमीटर लांब दांड्याच्या टोकाला सोळा-सतरा किलोचा जोर. दळणाचा दहा किलोचा डबा उचलता, त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त. दोन-चार फेऱ्यांनंतर एकदा तपासा, पण दर रविवारी पिळत बसू नका, क्रँक चिरतो.

महागड्या सायकलीत एक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला असतो, शिमानोच्या हॉलोटेक २ सारखा. तिथे डाव्या क्रँकवर दोन छोटे बोल्ट दिसतील. ५ मिमीची अ‍ॅलन की आणि टोपी फिरवायचं छोटंसं प्लॅस्टिकचं हत्यार, एवढ्यावर काम होतं.

कुठलाही प्रकार असो, पायडल काढायला बहुधा १५ मिमीचा पातळ पाना लागेल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. बसवण्यापूर्वी पायडलवरची ‘एल’ आणि ‘आर’ ही अक्षरं बघा आणि पहिले चार फेरे हातानेच द्या. नव्या क्रँकचे आटे पहिल्याच दिवशी गेले, तर गॅरेजवाले काकाही काही करू शकत नाहीत.