सत्कार फाइलीचा, की शिकविण्याचा?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोनाळ्याच्या घराचा ओटा पुन्हा एकदा शाळा होतो. अकोट, शेगाव, खामगाव, अमरावती अशा गावी कॉलेजात गेलेली माझी जुनी मुले एसटीतून उतरतात, दोन दिवस घरचा फराळ हाणतात आणि मग एका संध्याकाळी पाया पडायला म्हणून माझ्याकडे येतात. मी त्यांना गुण विचारीत नाही. ‘तिकडे चांगले कोण शिकवते?’ एवढेच विचारतो. या एका प्रश्नावर मुले तास-तास बोलतात.

मागच्या दिवाळीत एक मुलगा असाच आला होता. त्याच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना त्याच वर्षी उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार मिळाला होता. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, मागे फुलांची कमान, असा त्यांचा फोटो मी वर्तमानपत्रात पाहिला होता. मी म्हटले, ‘‘भाग्यवान आहेस बाबा. कसे शिकवतात ते?’’ मुलाने हातातली करंजी ताटात ठेवली आणि अगदी भाबडेपणाने म्हणाला, ‘‘गुरुजी, माणूस लय मोठा हाये. वर्गात आले का मंग सांगतो.’’

ओट्यावर हशा पिकला. मीही हसलो. पण ते हसू रात्री अंथरुणावर टोचू लागले.

आता कुणी म्हणेल, हा मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. कॉलेजच्या पायऱ्या विद्यार्थी म्हणून कधी न चढलेला. प्राध्यापकांच्या पुरस्कारावर बोलण्याचा याला अधिकार काय? अधिकार आहे. विहिरीत न उतरता पाणी गोड की खारट हे पिणाऱ्याला कळते. शिवाय दहा वर्षे हाताखाली घासून-पुसून मी ज्यांच्या स्वाधीन करतो, त्या माझ्या मुलांचे पुढे काय होते, हे विचारण्याचा हक्क मला नसेल तर कुणाला आहे?

पुरस्कार नकोच, असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. शाळेच्या शिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला १९५८ साली. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, ५ सप्टेंबर, १९६२ पासून शिक्षकदिन म्हणून साजरा होऊ लागला. गंमत अशी, की राधाकृष्णन स्वतः विद्यापीठातले प्राध्यापक. आणि तरी विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना या राष्ट्रीय पुरस्काराचे दार उघडले ते २०२३ साली! त्या वर्षी उच्च शिक्षण आणि तंत्रनिकेतने मिळून १३ जणांचा गौरव झाला. प्रमाणपत्र, पन्नास हजार रुपये आणि रौप्यपदक. पासष्ट वर्षे उशीर झाला, पण झाले ते चांगलेच झाले. संशोधकाला पारितोषिके होती, ग्रंथकाराला होती. जो फळ्यापाशी उभा राहून जन्म घालवतो त्यालाही समाजाने एकदा ‘शाबास’ म्हणावे, हे योग्यच आहे.

माझे भांडण पुरस्काराशी नाही. तो देण्याच्या रीतीशी आहे.

विद्यापीठांचे, संस्थांचे, मंडळांचे असे किती तरी पुरस्कार आज दिले जातात. त्यांतल्या बहुतेकांची रीत काय? ज्याला पुरस्कार हवा, त्याने अर्ज करायचा. अर्जाला प्रमाणपत्रे जोडायची, परिषदांचे फोटो जोडायचे, वृत्तपत्रांतली कात्रणे जोडायची, प्रबंध-निबंधांची यादी जोडायची. आमच्याकडे नवरदेवाला हळद दुसरे लावतात. इथे नवरदेव आरशासमोर बसून स्वतःच अंगाला हळद फासतो आणि समिती फक्त ती पिवळी आहे की नाही एवढे पाहते! त्या जाडजूड फाइलीत सारे काही असते. नसतो तो एक तास, की ज्यात मागच्या बाकावरच्या पोराचे डोळे लकाकले.

फाइलीचा हा रोग पुरस्कारांपुरता नाही. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. शोधनिबंधाला इतके गुण, परिसंवादाला इतके, पुस्तकाला इतके. २०१८ साली त्या नियमांत बदल झाले. पण लागलेली सवय सुटत नाही. ज्याला गुण आहेत ते काम, आणि ज्याची नोंद होत नाही ती हौस, असा हिशेब मनात बसला. शिकविणे हे त्या हौसेच्या खात्यात गेले.

आमचे विद्यापीठ ज्यांच्या नावाचे आहे, त्या गाडगेबाबांची आठवण इथे केल्यावाचून राहवत नाही. बाबा शाळेत गेले नव्हते. पण वऱ्हाडात त्यांच्याइतका मोठा शिक्षक झाला नाही. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे. समोरच्या अडाणी माणसालाच ते विचारीत, त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचीत. पाया पडू देत नसत, शिष्य करीत नसत. त्यांनी धर्मशाळा बांधल्या. त्यांवर स्वतःचा हक्क कधी सांगितला नाही. या माणसाने पुरस्कारासाठी अर्ज भरला असता, तर ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यापाशीच तो बाद झाला असता!

त्यांच्याच नावाने २००० साली महाराष्ट्रात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यातही बक्षिसे होती, चढाओढ होती. पण तिथे तपासणीची समिती गावात येई. गल्लीतून फिरे, नाली पाही, शाळेचे आवार पाही. गाव स्वच्छ आहे हे सांगणारा कागद पुरा पडत नसे; गल्ली दाखवावी लागे. आता मला सांगा, गटाराला जो न्याय मिळाला, तो वर्गाला का मिळू नये? उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार देण्यापूर्वी समितीतले किती जण त्या माणसाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले होते?

कुणी सुचवितात, मग मुलांचीच मते घ्या. सोपे दिसते, पण तेही पुरेसे नाही. अमेरिकेत १९७३ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध झाला. एका नटाला ‘डॉक्टर फॉक्स’ असे नाव देऊन, मोठा विद्वान म्हणून, डॉक्टर-शिक्षकांसारख्या शिकल्यासवरल्या मंडळींपुढे उभे केले. विषय गणितातला, नटाला त्यातले ओ का ठो कळत नव्हते. भाषणात परस्परविरोधी विधाने आणि निरर्थक बडबड मुद्दाम भरलेली; पण ऐट, विनोद आणि उत्साह भरपूर. श्रोत्यांनी त्याला उत्तम शेरे दिले! शहाणी माणसे तिथे फसली, तर अठरा वर्षांचे पोर फसणार नाही काय? मुलांना विचारावे, पण कॉलेज सोडून पाच वर्षे झाल्यावर विचारावे. हशा-टाळ्या तोवर विरून जातात आणि खरे शिकविलेले तेवढे उरते.

आता या साऱ्यातले खरे दुखणे सांगतो. त्याच ओट्यावर एक मुलगीही बसली होती. बाप कोरडवाहू शेतकरी. ती अर्थशास्त्र शिकते. तिने सांगितले, ‘‘आमच्या सरांनी आम्हाले बाजार समितीत नेलं. आठ दिवस लिलावाचे भाव लिहून आणाले लावले. मंग घरची सोयाबीनची पट्टी आणाले सांगितली.’’ त्या सरांनी एकेक पट्टी फळ्यावर मांडली. ओलावा किती धरला, हमाली किती कापली, तोलाई किती, भाव कुठल्या दिवसाचा आणि हमीभावाहून किती खाली. ‘मागणी-पुरवठा’ हे पुस्तकातले शब्द तिच्या बापाच्या घामाला जाऊन चिकटले. मुलगी म्हणाली, ‘‘गुरुजी, बाबाच्या हातातली पट्टी म्या पयल्यांदा वाचली.’’

याला म्हणतात अध्यापन! मी उत्साहाने विचारले, ‘‘या सरांना काही पुरस्कार?’’ ती गप्प झाली. ते तासिका तत्त्वावरचे. घेतलेल्या तासांचे मानधन, तेही महिनोन्‌महिने रखडून. दिवाळीच्या सुट्टीत तास नाही, म्हणून पैसाही नाही. राष्ट्रीय पुरस्कार नियमित प्राध्यापकांसाठी. इतरही बहुतेक पुरस्कारांची अट तीच. महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या हजारो जागा रिकाम्या आहेत आणि तिथले शिकविणे अशाच माणसांच्या खांद्यावर चालले आहे. शिकविण्याचा भार ज्याच्यावर आहे, तोच शिकविण्याच्या पुरस्काराला अपात्र. असा उलटा न्याय पंचतंत्रातल्या कोल्ह्यानेही केला नसता.

दोन दिवसांनी घरच्यांना कपडे घ्यायला मी तालुक्याला गेलो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गादीवर एक चाळिशीचा माणूस गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवीत होता. तेवढ्यात गर्दीतून तीच मुलगी पुढे आली आणि ‘सर’ म्हणून वाकली. दुकानदार बघतच राहिला. साडी हातात तशीच धरून तो माणूस म्हणाला, ‘‘सुट्टीनंतर पट्ट्या घेऊन या बरं का, कापसाच्या.’’

‘खऱ्या शिक्षकाला पुरस्काराची गरज नसते’ असे म्हणणारे आता पुढे येतील. जुने दाखले देतील. गोखल्यांनी १९०२ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकविले. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले रँग्लर परांजपे मोठ्या पगाराच्या वाटा सोडून त्याच कॉलेजात आले. वेतन अल्प. सारे खरे! पण ती माणसे डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आजीव सभासद होती. संस्था त्यांची होती, कारभार त्यांचा होता, मान त्यांचा होता. त्यांनी गरिबी स्वतः होऊन पत्करली. साड्या उलगडणाऱ्या त्या माणसावर ती लादली गेली आहे. त्याग आणि पिळवणूक यांना एकाच तराजूत घालू नका.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. स्वतःचा अर्ज स्वतः करण्याची चाल बंद करा. समितीने न कळविता चार दिवस वर्गात बसावे. पाच वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांना पत्रे पाठवून विचारावे. तासिकेवरच्याला कायमवाल्याबरोबर एकाच पाटावर बसवावे. आणि सगळ्यांत आधी त्या रिकाम्या जागा भराव्यात. कारण ज्याला पोटाला पुरेसे दिले नाही, त्याच्या खांद्यावर शाल टाकणे ही क्रूर थट्टा आहे.

हे होईल तेव्हा होवो. यंदाही ओट्यावर मुले येतील. त्या मुलीचा बाप परवा बाजारात भेटला. म्हणाला, ‘‘गुरुजी, आता पट्टी मी खिशात नाही घालत. पोरीपुढं ठेवतो. ते वाचते, मंग मी अंगठा देतो.’’

समितीने हे फाइलीत कुठे लावायचे ते ठरवावे.