रात्रीची हजेरी घेणारा कॅमेरा

उसाला तोड लागली की निफाड तालुक्यात एकच विषय निघतो, तो म्हणजे बिबट्या. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट उतरवताना, एस.टी.च्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे तीच चर्चा. कोणी म्हणतो मळ्यात दोन होते, कोणी म्हणतो पाच. भलत्याच गावचा जुना फोटो आपल्या गावचा म्हणून मोबाइलवर फिरतो. आणि द्राक्षबागेतून संध्याकाळी परतणाऱ्या आमच्या भगिनी जीव मुठीत धरून घर गाठतात. भीती खरी आहे. पण माहिती खरी आहे काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणून या वेळी आम्ही खरी माहिती देणाऱ्या एका साध्या यंत्राविषयी लिहीत आहोत. त्याला ट्रॅप कॅमेरा म्हणतात.

नावात ट्रॅप असला तरी हा पिंजरा नव्हे. जेवणाच्या डब्याएवढे हे यंत्र पट्ट्याने झाडाला किंवा खांबाला बांधायचे. समोरून ऊब असलेले अंग हलले की त्यातला सेन्सर जागा होतो आणि फोटो निघतो. अंधारात डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात फोटो येतो, त्यामुळे रात्रीची चित्रे काळी-पांढरी दिसतात. फोटोवर तारीख आणि वेळ छापलेली असते. पेन्सिल सेलवर तो कित्येक दिवस चालतो. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर हे रात्रीचे हजेरीपत्रक आहे. कोण आले, किती वाजता आले, कुठून गेले, सर्व नोंद. त्यात अफवेची सही चालत नाही.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी तारेला जनावराचा पाय लागताच उजेड पडून फोटो निघेल अशी युक्ती केली आणि त्यांची रात्रीची छायाचित्रे १९०६ साली नॅशनल जिओग्राफिक मासिकात आली. आपल्या देशात १९२० च्या दशकात शिवालिकच्या जंगलात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने अशाच रीतीने वाघांचे फोटो काढले. साहेबलोक तेव्हा बंदूक घेऊन वाघामागे फिरत होते. पुढे १९९० च्या दशकात डॉ. उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळेत वाघाच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून मोजणी केली. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्यामुळे एकच बिबट्या पाच गावांनी पाहिला तर तो पाच होत नाही, एकच राहतो.

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या आणि बागायती शिवारात असे कॅमेरे लावले. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एका चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात अशा त्या भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ मोठे बिबटे आणि जवळजवळ तेवढीच तरसे निघाली. शिवाय कोल्हा, रानमांजर, जवादी मांजर, आणि वाघाटी. ही वाघाटी घरच्या मांजरापेक्षाही लहान असते, पण अंगावरच्या ठिपक्यांमुळे पुष्कळ वेळा बिबट्याचे पिल्लू म्हणून पकडून आणली जाते. इतकी जनावरे माणसांच्या उशाशी वावरत होती, तरी माणसावर हल्ले क्वचितच होत होते. घराच्या पत्र्यावर रात्री काही धावले, शेताच्या कडेला कोणी रडल्यासारखे ओरडले की आपल्याकडे लगेच हडळीचे नाव निघते. कॅमेरा लावला तर बहुधा तिथे उदमांजर किंवा कोल्हा दिसेल.

मग बिबट्या गावाजवळ खातो काय? त्याच अकोल्यात बिबट्याची विष्ठा तपासून २०१४ साली उत्तर मिळाले. त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे जिथे उघडा उकिरडा तिथे कुत्री, आणि जिथे कुत्री तिथे बिबट्या. वस्तीच्या तोंडाशी कोंबडीची पिसे, हॉटेलचे उष्टे आणि मेलेली जनावरे टाकली जात असतील, तर ते बिबट्याला निमंत्रणच आहे. हा उकिरडा बहुतेक गावांत कोणाच्या घराशेजारी असतो, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

"पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा" ही मागणी सर्वांच्या तोंडी असते. जुन्नर भागात ते करून झाले आहे. २००१ ते २००३ या काळात बिबटे धरून दुसरीकडे सोडण्यात आले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, त्या काळात ते १७ वर गेले. जिथे बिबटे सोडले त्याच्या आसपास हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेले, बिथरलेले जनावर अधिक धोक्याचे ठरते.

याचा अर्थ लोकांनी गप्प बसावे असा मुळीच नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन जीव घेतले, त्यांत दोन मुले होती. त्या आईबापांना आकडे सांगून काय उपयोग? अशा वेळी नरभक्षक जनावराला तातडीने धरलेच पाहिजे. पण धरायचा तो नेमका तोच बिबट्या, आणि ते ठिपके जुळवूनच ठरते. समोर आला तो पिंजऱ्यात घालून समाधान मानले, तर खरा मारेकरी मोकळाच राहतो.

आणि मरतो कोण, हेही पाहा. भिंतीचे घर, दाराशी दिवा आणि घरात संडास असणाऱ्याला धोका कमी. उसाच्या कडेला कोपी टाकून राहणारा ऊसतोड मजूर, रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाणारा सालगडी, पहाटे बांधाकडे जाणारी बाई, उघड्यावर झोपलेले लेकरू यांचा जीव टांगणीला. ऊस तोडताना बिबट्याची पिल्ले सापडतात तीही याच मजुरांना. पिल्ले उचलून घरी नेऊ नयेत. वनखाते ती संध्याकाळी क्रेटमध्ये त्याच जागी ठेवते, जवळ कॅमेरा लावते, आणि पुष्कळदा मादी येऊन ती घेऊन जाते. त्या रात्री त्या फडाजवळ कोणीही थांबू नये.

आता या यंत्राची दुसरी बाजू. कॅमेऱ्याला बिबट्या आणि बाई यांतला फरक कळत नाही. उत्तराखंडातील कॉर्बेट परिसरात प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात शौचाला गेलेल्या एका स्त्रीचा फोटो निघाला आणि तो मोबाइलवर फिरवला गेला. संतापलेल्या गावकऱ्यांनी सापडतील तेवढे कॅमेरे फोडून जाळले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या केंब्रिज विद्यापीठाच्या अभ्यासात हे नमूद आहे. कॅमेऱ्याच्या धाकाने तिथल्या बायका जंगलात मोकळेपणी बोलेनाशा, गाईनाशा झाल्या. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे की कॅमेरा कुठे लावायचा हे त्या वाटेने जाणाऱ्या बायांना विचारल्याशिवाय ठरवू नये. नाल्याकडे, पाणवठ्याकडे आणि शौचाच्या वाटेकडे तो कधीही रोखू नये. माणसाचा फोटो निघाला तर तो तिथल्या तिथे पुसावा.

कॅमेऱ्याला काही हजार रुपये पडतात. एका मजुराच्या घराने तो घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. तरुण मंडळाने वर्गणीतून घ्यावा किंवा वनखात्याकडे मागावा. लावताना तो गुडघ्याच्या उंचीवर, पायवाटेला तिरका बांधावा. समोरचे गवत कापावे, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पानांचेच शंभर फोटो येतात. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असावे, म्हणजे ऊन थेट शिरत नाही. भर उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा सेन्सरची पकड कमी होते हेही ध्यानात ठेवावे. फोटो मिळावा म्हणून मांस टाकणे हा घातक मूर्खपणा आहे. बिबट्या दिसलाच तर त्याच्या जागेचा बोभाटा न करता वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला भगिनींनी संख्येने जावे आणि चार गोष्टी लेखी मागाव्यात: शेतीला दिवसा वीज, वस्तीच्या वाटेवर दिवे, चालू पाण्याचे संडास, आणि उकिरडा वस्तीपासून दूर. आपल्या शिवारात कॅमेरे लागले असतील तर त्यांत काय दिसले, हे सभेत वाचून दाखवा अशी पाचवी मागणी करावी. जी नोंद आपल्या जिवाशी निगडित आहे, ती ऐकण्याचा आपल्याला हक्क आहे. अर्ज देताना त्याची पोच घ्यायला मात्र विसरू नये.