कर्नाळ्यावरून दिसणारें बंदर

एकत्र कुटुंबांत सहलीचा बेत जमणें हें लग्नाच्या मुहूर्ताहूनहि कठीण. कोणाची परीक्षा, कोणाचा उपास, कोणाचे गुडघे! तरीहि धाकट्या जाऊबाईंच्या हट्टामुळें गेल्या पौषांत एके सकाळीं आम्ही नऊ जण पनवेलहून कर्नाळ्यास निघालों. पुतण्याचे एक सहकारी, त्यांना येथें भाऊ म्हणूं, मुलगा व वृद्ध मातोश्री यांना घेऊन बरोबर आले. विमानतळासाठीं उठविलेल्या दहा गांवांपैकीं एक त्यांचें. आतां बिऱ्हाड करंजाड्याला. "गडावरून नातवाला गांवची जागा दाखव," एवढेंच मातोश्रींचें मागणें होतें.

वाटेंत शिरढोण लागलें. वासुदेव बळवंत फडके यांचें हें जन्मगांव; त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. पायथ्याच्या पक्षी-अभयारण्यांत (स्थापना १९६८) मातोश्री व आमच्या आत्याबाई सावलींत बसल्या. बाकीचे चढूं लागलों. दाट झाडींतून दोन तासांचा चढ आहे. एका भृंगराजानें बराच वेळ सोबत केली. आमच्या मुलांच्या गोंगाटानें मात्र इतर पांखरें उडालीं, याची मला लाज वाटली. माथ्यावरील सुळक्याच्या कपारींत आग्या मोहोळें असतात. तेथें धूर करूं नये, अत्तरें लावून जाऊं नये आणि आवाजहि बेताचा ठेवावा.

वरून दिसणारा देखावा खरोखर विस्तीर्ण आहे. ईशान्येस प्रबळगड व माथेरान. पश्चिमेस उरणची बाजू आणि १९८९ पासून चालू असलेल्या न्हावा-शेवा बंदराच्या उंच याऱ्या. २०२४ च्या जानेवारींत खुला झालेला अटल सेतु त्या धुरकट हवेंत पुसट रेघेएवढाच दिसला. जाऊबाईंनीं उत्साहानें लाडू वांटले.

भाऊंनीं मात्र लाडू हातांतच ठेवला. पनवेलच्या बाजूस धावपट्टी दिसत होती. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमानें सुटूं लागलीं आहेत. पण गांव ओळखावें कशावरून? उलव्याची सुमारे ९० मीटरांची टेकडी फोडून सपाट केली, तिच्या दगडानें सखल जमीन उंचावली, नदीचें पात्रहि वळविलें. खूण म्हणून बोट दाखवावें असें कांहींच उरलें नव्हतें. मुलगा तीनदां "कुठें?" म्हणून विचारून शेवटीं विमान पाहूं लागला. विमानतळ आम्हां पनवेलकरांस हवाच होता, हें मी नाकारीत नाहीं. माझा भाचा येईल तो तेथेंच उतरेल. पण त्या घटकेस मला तें बोलवेना.

खालीं येतांच मातोश्रींनीं विचारलें, "सांपडला का रं गांव?"

"नाहीं, आई."

त्या रागावल्या नाहींत. नातवाला जवळ बसवून त्यांनीं काठीच्या टोकानें धुळींत नदीची रेघ ओढली, मग टेकडी, मग देऊळ, मग एकेक घर, त्यांतल्या माणसांच्या नांवांसकट. आत्याबाईंनीं टेकडीच्या जागीं एक खडा ठेवून दिला. पनवेलची बस येऊन उभी राहिली. ती आम्ही सोडून दिली.