मूळ कागद कोणाच्या हाती?



नाशिकजवळच्या लेण्यांना लोक आजही पांडवलेणी म्हणतात. ती पांडवांनी कोरली ही कथा आपल्या आज्यापणज्यांनी ऐकली आणि खरी मानली. परंतु तेथल्याच एका लेण्याच्या भिंतीवरील ब्राह्मी लेख निराळेच सांगतो. गौतमीपुत्र सातकर्णीची माता बलश्री हिने पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी ते लेणे भदावनीय भिक्खूंच्या संघाला दान दिले, अशी त्यात स्पष्ट नोंद आहे. शतकानुशतके दंतकथा बोलत राहिली आणि लेख मुका राहिला, कारण तो वाचता येणारा कोणी उरला नव्हता. १८३७ साली प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे दगडाला वाचा फुटली. त्याच लेखात राजाची थोरवी गाताना अर्जुन व भीमसेन यांची उपमा दिली आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्या सोयीचे तेवढे वाचावे आणि उरलेले झाकावे, ही रीत दुसऱ्यांची आहे. ती आपण उचलू नये.

कागदाचे सामर्थ्य ज्यांना कळले त्यांनी त्यासाठी जन्म वेचले. राजवाड्यांनी गावोगाव वाडे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली. सरदेसाईंनी १९३० नंतरच्या अवघ्या चारपाच वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सरकारकडून प्रसिद्ध करविले. त्यांच्या श्रमांना आम्ही नावे ठेवत नाही. पण त्या दप्तरांत आपला पूर्वज आढळतो तो कोणत्या रूपाने? वेठीला धरलेला, सांगावा घेऊन धावणारा, वतनाच्या तंट्यात हात जोडून उभा असलेला! लिहिणारा कारकून त्यांचा, शिक्का त्यांचा, आणि दप्तर सांभाळणारा वाडाही त्यांचाच. ज्याच्या घराला माळा नव्हता, त्याचे दप्तर कोठे राहणार?

कागद नसला म्हणजे काय होते आणि असला म्हणजे काय होते, हे महाडने दाखविले आहे. १९२७ च्या सत्याग्रहानंतर सवर्णांनी चवदार तळ्यावर दिवाणी दावा लावला. अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. दहा वर्षे दावा चालला. अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की, तळे नगरपालिकेचे आहे आणि वहिवाट अनादि असल्याचे वादींना शाबीत करता आलेले नाही. परंपरा, परंपरा म्हणून जिचा डांगोरा पिटला, ती पुराव्याच्या कसोटीवर टिकली नाही. म्हणून सांगतो, पुरावा ही पंडितांची चैन नव्हे. पाण्याचा घोट त्यावर अवलंबून असतो.

आता बाबासाहेबांच्या कागदांकडे या. १९५६ साली त्यांचे महापरिनिर्वाण झाले. शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला तो १९७९ साली. मधली तेवीस वर्षे हस्तलिखितांवर धूळ बसत होती. वसंत मून यांनी ती धूळ झटकली. चांगदेव खैरमोडे यांनी तर त्याही आधी पदरमोड करून कागदाचा कपटा न् कपटा जमविला होता. १९८७ मध्ये चौथा खंड निघताच राम व कृष्ण यांवरील परिशिष्ट गाळा, अशी ओरड झाली. गाळा म्हणणे किती सोपे! १९८८ च्या फेब्रुवारीत लाखो लोक मुंबईच्या रस्त्यावर उतरले, तेव्हा परिशिष्ट राहिले. मात्र शासन या मतांशी सहमत नाही, अशी टीप त्याला चिकटली. मेलेल्या माणसाच्या हस्तलिखिताशी सहमत होण्यास शासनाला सांगितले होते कोणी? छापा, एवढेच मागणे होते. आणि छपाईचे तरी काय? विकत घेतलेला कागद गुदामात पडून आहे आणि खंड निघत नाहीत, अशी बातमी वृत्तपत्रात आली, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण आपल्या घरातील पेटीचे काय?

एका नव्या दीक्षित कुटुंबाकडे मी गेलो होतो. देव्हारा निघाला होता, भिंतीला नवा रंग लागला होता. आजोबांची पत्र्याची पेटी कोठे, असे विचारले. मुलगा अभिमानाने म्हणाला, "जुन्या जातीचे नाव होते त्यावर, सगळे जाळून टाकले." त्या पेटीत वतनाचे कागद होते, 'जनता'चे अंक होते, १९५६ च्या नागपूरच्या गाडीचे तिकीटही होते म्हणे. मला त्याच्यावर रागावता आले नाही. ते नाव वाचताना मलाही चटका बसतो.

परंतु विचार करा. मूर्ती काढली ती असत्य म्हणून. तो कागद तर खरा होता. तुमच्यावर काय लादले गेले, याचा तो साक्षीदार. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. आजही जातीचा दाखला काढताना आजोबांच्या शाळेचा उतारा आणि कोतवाल बुकाची नक्कल शोधत तहसिलीचे उंबरठे झिजवावे लागतात. ज्या कागदाची लाज वाटते, तोच नातवाच्या हक्काचा आधार ठरतो.

तसेच आपापसांतील भांडणांचे. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली निघाला आणि पुढे फुटत गेला. त्या फुटीची पत्रके, एकमेकांवर केलेल्या आरोपांची हँडबिले पुष्कळांनी शरमेने चुलीत घातली. ती ठेवा, आणि छापा. राम-कृष्णांवरील परिशिष्ट गाळू नका म्हणून ज्यांनी मोर्चा काढला, त्यांना आपल्या पुढाऱ्याला अडचणीचे पत्रक गाळण्याचा अधिकार कोठून आला?

या पंधरवड्यात पेटी उघडा. कागद उन्हात नव्हे, सावलीत वाळवा. डिंक किंवा चिकटपट्टी लावू नका. फोटोतील माणसे कोण, गाव कोणते, साल कोणते, हे आजी हयात आहे तोवर तिला विचारून पाठीमागे शिसपेन्सिलीने लिहा. नकला काढून एक विहारात ठेवा. मूळ प्रत मात्र कोणालाही, आम्हालासुद्धा, पावतीवाचून देऊ नका.