चष्मा आणि कॅमेऱ्याची खिडकी

कुर्ल्यातील एका लग्नसमारंभात छायाचित्रकाराची कसरत पाहिली. कॅमेरा डोळ्याला लावताना चष्मा कपाळावर, यजमानांशी बोलताना पुन्हा नाकावर. चष्म्याच्या काचेवर चरे उमटले होते. ही झीज त्याच्या मेहनतान्यात कोणी धरीत नाही.

वस्तुतः हा दोष डोळ्यांचा नव्हे, रचनेचा आहे. व्ह्यूफाइंडरच्या काचेपासून डोळा किती दूर असतानाही संपूर्ण चौकट दिसते, हे अंतर मोजता येते. चष्म्यामुळे डोळा मागे राहतो. अंतर अपुरे पडले की कडा कापल्या जातात आणि वरमाईचा अर्धा पदर चित्राबाहेर गेल्याचे मागाहून कळते. निकॉनने १९८२ साली एफ-३ कॅमेऱ्यासाठी हे अंतर २५ मिलिमीटरपर्यंत नेले. मोबदल्यात प्रतिमा ०.८ ऐवजी ०.७५ पट दिसू लागली. असा सौदा कोणीही आनंदाने पत्करील! परंतु तो महागड्या कॅमेऱ्यांसाठी होता. त्याच कंपनीच्या २०१८ च्या स्वस्त डी-३५०० मध्ये हे अंतर अवघे अठरा मिलिमीटर आहे.

डायोप्टरची चकती फिरवा, असे विक्रेते सांगतात. ती साध्या नंबरापुरती. दंडगोल नंबराला तिचा उपयोग नाही.

अर्थशास्त्रात आम्ही ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्याविषयी पुष्कळ शिकवितो. पण मेगापिक्सेल जाहिरातीत ठळक आणि हा आकडा माहितीपत्रकाच्या तळाशी, अशा बाजारात चष्मेवाल्याने निवडायचे कशाच्या आधारे? उत्पादकांनी तो खोक्यावरच छापावा. तोवर कॅमेरा घेणाऱ्याने चष्मा न काढता चारही कोपरे दिसतात का, हे दुकानातच पाहून घ्यावे.